झारचा क्रॉस, परक्याची छाती

जुलै १८०७. नेमान नदीच्या काठावर, तिल्झित नावाच्या प्रशियन गावात, दोन सम्राट एकमेकांच्या प्रेमात पडल्यासारखे वागत होते. जेमतेम महिन्यापूर्वी फ्रीडलंडच्या लढाईत नेपोलियनने रशियन फौजेची दाणादाण उडवली होती. आता तोच नेपोलियन आणि झार अलेक्झांडर पहिला हातात हात घालून फिरत होते, एका पंगतीला जेवत होते. तह झाला आणि तहापाठोपाठ पदकांची देवघेव सुरू झाली. अलेक्झांडरने रशियाचा सर्वोच्च सन्मान, ऑर्डर ऑफ सेंट अँड्र्यू, नेपोलियनला दिला. त्याचा भाऊ जेरोम, मेहुणा म्युरा, सेनापती बेर्तिए आणि परराष्ट्रमंत्री तालेरां यांच्या छातीवरही त्याच मानाचा निळा पट्टा चढला. नेपोलियनने परतफेड लीजन ऑफ ऑनरने केली. रशियन गार्डातला एक शिपाई, लाझारेव, याला त्याने आपल्या हाताने क्रॉस दिला, आणि झारनेही एका फ्रेंच ग्रेनेडियरला रशियन सैनिकी चिन्ह देऊन हिशेब चुकता केला. टॉलस्टॉयने ‘वॉर अँड पीस’मध्ये हा प्रसंग रंगवला आहे तो चांगल्याच तिरकसपणे. त्याचा लाझारेव निवडला जातो तो पराक्रमामुळे नव्हे. तो रांगेत पहिला उभा असतो म्हणून.

पाच वर्षांनी नेपोलियन मॉस्कोत शिरला आणि शहर जळले. सेंट अँड्र्यूचा निळा पट्टा तेव्हाही त्याच्या मालकीचाच होता.

रशियन साम्राज्याने परकीय अधिकाऱ्यांना दिलेल्या लष्करी सन्मानांचा विषय संग्राहकांनी बहुतेक आपल्या कपाटात बंद करून ठेवला आहे. मुलामा कोणत्या कारागिराचा, फीत मूळची की बदललेली, क्रॉसच्या मागे कोणता छाप, लिलावात काय भाव आला, असे त्यांचे प्रश्न. ते निरर्थक नाहीत, पण त्यांच्यामुळे मोठी गोष्ट झाकली जाते. आपल्या अधिकाऱ्याला पदक देताना राजा बहुतेक मागे पाहतो, त्याने केलेल्या कामाकडे. परक्या अधिकाऱ्याला पदक देताना त्याची नजर पुढे असते. उद्या हा कामाला येईल का, याचा राजा दुखावणार तर नाही ना, शेजारच्या दरबारात या बातमीचे काय पडसाद उमटतील, हे सगळे त्या इवल्याशा क्रॉसच्या वजनात धरलेले असते. म्हणून परक्याच्या छातीवरच्या रशियन पदकावरून त्या माणसाचे शौर्य कळेलच असे नाही. पीटर्सबर्गची त्या घडीची गरज मात्र हमखास कळते.

आधी या सन्मानांची उतरंड समजून घ्यायला हवी, नाहीतर सगळेच क्रॉस सारखे दिसू लागतात. सेंट अँड्र्यू सर्वांत वरचा. पीटर द ग्रेटने तो १६९८ मध्ये सुरू केला. राजघराण्यातली मुले, परके राजे आणि अगदी मोजके सेनापती यांच्यासाठी तो असे. त्याखाली सेंट अलेक्झांडर नेव्हस्की, १७२५ चा. कॅथरीन दुसरीने १७६९ मध्ये सेंट जॉर्ज आणि १७८२ मध्ये सेंट व्लादिमिर स्थापन केला. सेंट ॲन हा मुळात रशियन नव्हेच. पीटरची मुलगी ॲना हिच्या स्मरणार्थ तिच्या नवऱ्याने, होल्स्टाइनच्या ड्यूकने, १७३५ मध्ये तो काढला आणि त्या ड्यूकच्या मुलाच्या वाटेने तो रशियात आला. १७९७ मध्ये पॉल पहिल्याने त्याला अधिकृत रशियन सन्मानांत बसवले. पोलंडचे व्हाइट ईगल आणि सेंट स्टॅनिस्लास हे दोन सन्मान तर १८३१ मध्ये पोलिश उठाव चिरडल्यावर रशियाने सरळ आपल्या यादीत ओढून घेतले. देश गिळला तेव्हा त्याची पदकेही गिळली.

यांतले बरेचसे सन्मान मुलकी अधिकाऱ्यांनाही मिळत. तेव्हा रणात मिळालेला कोणता आणि कचेरीत मिळालेला कोणता, हे ओळखायचे कसे? १८५५ पासून युद्धातल्या कामगिरीबद्दल दिलेल्या क्रॉसवर दोन तलवारी आडव्या बसवू लागले. सेंट ॲनची सर्वांत खालची श्रेणी तर छातीवर लावायचीच नाही, तलवारीच्या मुठीवर बसवायची, असा रिवाज होता. त्या बारीक लाल बिल्ल्याला रशियन अधिकारी थट्टेने ‘क्रॅनबेरी’ म्हणत. सेंट जॉर्जला मात्र तलवारींची गरजच पडली नाही, कारण तो निव्वळ लष्करी सन्मान होता.

या सेंट जॉर्जवर थोडे थांबायला हवे, कारण विषयाचा गाभा तोच आहे. त्याच्या चार श्रेणी. पांढऱ्या मुलाम्याचा क्रॉस, मधोमध अजगर मारणारा घोडेस्वार संत, आणि काळ्या-नारिंगी पट्ट्यांची फीत. बोधवाक्य सेवा आणि शौर्य या दोनच शब्दांचे. स्थापनेपासून १९१७ पर्यंतच्या दीडशे वर्षांत पहिली श्रेणी फक्त २५ जणांना मिळाली, आणि त्यात स्वतः कॅथरीनही आली. तिने स्थापनेच्या दिवशीच ती आपल्या अंगावर चढवली होती. चारही श्रेण्या पार करणारे चौघेच निघाले: कुतुझोव्ह, बार्कले द टॉली, दीबिच आणि पास्केविच. ऑस्टरलिट्झच्या लढाईनंतर या सन्मानाच्या मंडळाने अलेक्झांडर पहिल्याला पहिली श्रेणी देऊ केली तेव्हा त्याने ती नाकारून चौथी घेतली. हरलेल्या लढाईनंतर त्याला तेवढी लाज होती, असे म्हणायला हरकत नाही. शेवटचा झार निकोलस दुसरा हाही चौथ्या श्रेणीवरच राहिला.

त्या २५ जणांत परके आठ.

स्वतः चौथ्या श्रेणीवर समाधान मानणाऱ्या झाराने परक्यांना थेट पहिली द्यावी, यातच बरेच काही आले. १८१३ मध्ये प्रशियाचा ब्लूखर, ऑस्ट्रियाचा श्वार्झेनबर्ग आणि स्वीडनचा युवराज कार्ल योहान, असे तिघे एकाच मोसमात पहिल्या श्रेणीचे मानकरी झाले. यातला कार्ल योहान म्हणजे कालपरवापर्यंतचा नेपोलियनचा मार्शल बर्नाडोट. स्वीडिश लोकांनी त्याला दत्तक युवराज म्हणून आणले ते १८१० मध्ये, रशियाने स्वीडनकडून फिनलंड हिसकावल्याला वर्षही झाले नव्हते तेव्हा. नव्या युवराजाने फिनलंड परत मागितले असते तर? त्याने मागितले नाही. उलट रशियाशी हातमिळवणी केली, नेपोलियनविरुद्ध उतरला आणि डेनेविट्झजवळ आपल्या जुन्या सहकारी मार्शल नेला हरवले. त्या लढाईबद्दल सेंट जॉर्जची पहिली श्रेणी. लढाई खरी आणि विजयही खरा, पण त्या क्रॉसमध्ये फिनलंडबद्दल बाळगलेल्या मौनाचीही किंमत मोजलेली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

चौथा मानकरी मराठी वाचकाला नावाने ठाऊक आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. अहमदनगरचा किल्ला, असई, अडगाव, गाविलगड ही त्याच्या उमेदवारीच्या काळातली नावे. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावर, वॉटर्लू होऊन गेल्यावरही, असईची लढाई हीच आपली सर्वांत चांगली कामगिरी असे तो मानत असे. १८१४ मध्ये अलेक्झांडरने त्याला सेंट जॉर्जची पहिली श्रेणी दिली, आणि १८१८ मध्ये रशियाचा फील्डमार्शलही केले. गंमत अशी की तोवर वेलिंग्टन रशियन फौजेच्या खांद्याला खांदा लावून कधी लढलेला नव्हता. त्याचे रण स्पेन-पोर्तुगालचे, रशियनांचे जर्मनीतले. पण पॅरिसमध्ये विजयी राजे एकत्र जमले होते, युरोपचा नकाशा नव्याने आखायचा होता आणि ब्रिटनला चुचकारणे भाग होते. लंडनमधल्या त्याच्या ॲप्सली हाउसमध्ये इतर राजांनी दिलेल्या सन्मानांबरोबर तो रशियन क्रॉसही विसावला.

उरलेल्या चौघांपैकी एक फ्रान्सचा ड्यूक ऑफ आंगुलेम. हे नाव यादीत पाहून इतिहासाचे अभ्यासकही क्षणभर चमकतात, कारण मोठा सेनानी म्हणून त्याला कोणी ओळखत नाही. १८२३ मध्ये स्पेनमधल्या उदारमतवाद्यांनी राजाला राज्यघटनेच्या चौकटीत बांधले होते. तो बंद तोडायला फ्रान्सने फौज पाठवली, तिचा प्रमुख आंगुलेम. काडिझजवळ त्रोकादेरोचा मोर्चा पडला, राजा पुन्हा निरंकुश झाला, आणि क्रांतीच्या नुसत्या उच्चाराने अस्वस्थ होणाऱ्या अलेक्झांडरने आंगुलेमला पहिली श्रेणी पाठवून दिली. रशियन सेनापती सुव्होरोव्हला तुर्कांची प्रचंड सेना मोडून मिळालेला मान आंगुलेमला या मोहिमेत मिळाला.

याच मोहिमेत समोरच्या बाजूला सर रॉबर्ट विल्सन होता. हा इंग्रज अधिकारी १८१२ मध्ये ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून रशियन छावणीत राहिला, सेनापती कुतुझोव्ह माघार घेणाऱ्या नेपोलियनचा पुरेशा जोमाने पाठलाग करीत नाही म्हणून त्याच्याशी भांडला, पुढच्या वर्षी जर्मनीत लढला, आणि सेंट जॉर्जचा मानकरी झाला. रशियनांच्या लढायांत त्याने प्रत्यक्ष हजेरी लावली होती. १८२३ मध्ये तो स्पेनला गेला तो घटनावाद्यांच्या बाजूने, आंगुलेमच्या फौजेविरुद्ध लढायला. एकाच युद्धात, दोन विरुद्ध बाजूंना, सेंट जॉर्जचे दोन परके मानकरी. झारला त्यातला कोण प्रिय होता, ते श्रेणीच सांगते.

ऑस्ट्रियाचा राडेत्स्की १८४८ मध्ये या यादीत आला, वय ८१. इटलीतले बंड त्याने कुस्तोझाच्या लढाईत मोडले होते. निकोलस पहिल्याला बंड मोडणारे म्हातारे सेनापती फार आवडत. पुढच्याच वर्षी त्याने आपली फौज हंगेरीत घुसवून ऑस्ट्रियाचे सिंहासन सावरले. त्यानंतर पाच वर्षांत क्रिमियाचे युद्ध पेटले तेव्हा ऑस्ट्रियाने रशियालाच दमदाटी केली. त्या कृतघ्नतेचा घाव निकोलसच्या मनात शेवटपर्यंत राहिला. क्रॉसने मैत्री विकत घेता येते, हा समज झारांनी इतक्या वेळा ठेच लागूनही सोडला नाही.

एक उदाहरण मात्र याला छेद देणारे आहे, आणि म्हणूनच ते सविस्तर सांगायला हवे. २७ फेब्रुवारी १८१४ रोजी फ्रान्समधल्या बार-सुर-ओबजवळ रशियन आणि बव्हेरियन तुकड्या फ्रेंचांशी लढत होत्या. प्रशियाच्या राजाचा दुसरा मुलगा विल्हेल्म वडिलांबरोबर होता. सतरावे वर्ष पुरे व्हायला त्याला अजून महिना होता. एका रशियन पलटणीतून जखमी सारखे मागे आणले जात होते. ही पलटण कोणती ते पाहून ये, असे बापाने सांगितले आणि पोरगा घोडा पिटाळत गोळ्यांच्या माऱ्यात शिरला, चौकशी केली, जखमींची संख्याही विचारून परतला. ती कालुगा पलटण होती. या कामगिरीसाठी त्याला सेंट जॉर्जची चौथी श्रेणी मिळाली. लोक आपले अभिनंदन का करीत आहेत, हे त्याला आधी कळलेच नाही, असे सांगतात. कालुगा पलटणीचे मानद प्रमुखपद पुढे त्याच्याकडे आले.

तोच विल्हेल्म प्रशियाचा राजा झाला. १८६९ मध्ये सेंट जॉर्ज सन्मानाची शताब्दी पीटर्सबर्गात थाटात साजरी झाली. अलेक्झांडर दुसऱ्याने, जो विल्हेल्मचा सख्खा भाचा, स्वतः पहिली श्रेणी धारण केली आणि मामालाही ती पाठवली. मामाने उलट पूर ल मेरीत हा प्रशियाचा मोठा सन्मान दिला. घरगुती कौतुकाच्या आडून राजकारणही चालू होतेच. वर्षभरात प्रशिया आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले तेव्हा रशिया तटस्थ राहिला, आणि प्रशियाच्या विजयांची बातमी येत गेली तशी झारकडून सेंट जॉर्जची खैरात होत गेली. युवराज फ्रीडरिख, राजपुत्र फ्रीडरिख कार्ल, सेनापती मोल्टके, सगळ्यांना दुसरी श्रेणी. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक आल्ब्रेख्ट १८७० मध्ये पहिल्या श्रेणीचा मानकरी झाला. परक्यांपैकी तो शेवटचा. १९१४ साल उजाडले तेव्हा कालुगा पलटणीच्या नावात अजून विल्हेल्मचे नाव होते. त्याच वर्षी ती पलटण त्याच्या नातवाच्या फौजांशी लढायला निघाली.

‘परकीय’ म्हणजे नेमके कोण, हाही प्रश्न इथे सोडवून ठेवावा लागतो. अठराव्या शतकात रशियन सैन्यात परदेशी अधिकाऱ्यांचा इतका सुळसुळाट होता की पदकांच्या यादीवरून देश ओळखणे अवघड जावे. नेपल्समध्ये जन्मलेला होसे दे रिबास तुर्कांशी लढून सेंट जॉर्जचा मानकरी झाला आणि त्याने ओडेसा बंदराचा पाया घातला. तिथला प्रसिद्ध रस्ता आजही त्याचे नाव मिरवतो. अमेरिकन आरमाराचा आद्य वीर जॉन पॉल जोन्स १७८८ मध्ये रशियन रिअर ॲडमिरल होऊन काळ्या समुद्रावर तुर्कांशी लढला. त्याला सेंट ॲन मिळाला, तर त्याच पाण्यात त्याच्याबरोबर असलेल्या आणि त्याच्याशी एक क्षणही न पटलेल्या नासाऊ-झीगनच्या राजपुत्राला सेंट जॉर्जची दुसरी श्रेणी. जोन्स कडवट मनाने रशिया सोडून गेला. पदकाच्या श्रेणीवरून दुखावलेला तो पहिला अधिकारी नव्हता आणि शेवटचाही नव्हता.

या फिरत्या तलवारबहाद्दरांतल्या एकाची वाट थेट मराठी इतिहासात येते. सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा बेन्वा द बॉयन्य, आपल्याकडचा डी बॉइन, आधी फ्रेंच नोकरीत होता, मग रशियनांच्या. तुर्कांविरुद्धच्या मोहिमेत तो कैद झाला, सुटला, पीटर्सबर्गला जाऊन कॅथरीनला भेटला आणि अखेर हिंदुस्थानात पोचला. महादजी शिंद्यांची कवायती पलटणे त्याने उभी केली. असईला वेलस्लीसमोर ज्या पायदळाने कडवी झुंज दिली, ते त्याच परंपरेतले होते. डी बॉइनसारखी माणसे पगारावर आणि जहागिरीवर लढत, आणि अशांना बांधून ठेवण्यासाठी प्रत्येक दरबाराकडे आपापला शिरपाव असे.

शिपायांकडे पाहिले तर वेगळीच गोष्ट दिसते. अधिकाऱ्यांच्या ऑर्डरखेरीज १८०७ मध्ये साध्या शिपायांसाठी सेंट जॉर्जच्याच फितीवर मुलाम्याविना चांदीचा क्रॉस सुरू झाला होता. नेपोलियनविरुद्धच्या मोहिमांत दोस्त फौजांच्या शिपायांनाही तो मिळाला. १८३९ मध्ये, पॅरिस घेतल्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त, निकोलस पहिल्याने प्रशियाच्या जुन्या शिपायांसाठी असे हजारो क्रॉस पाठवले; त्यांच्या मागे अलेक्झांडर पहिल्याची मुद्राक्षरे कोरलेली होती. उलट दिशेचे उदाहरणही आहे. १८१३ मध्ये कुल्मच्या लढाईत रशियन गार्डाने फ्रेंचांना थोपवले तेव्हा प्रशियाच्या राजाने त्या सगळ्या तुकड्यांना आपला लोखंडी क्रॉस जाहीर केला. तो ‘कुल्म क्रॉस’ म्हणून ओळखला जातो. आजच्या लिलावांत शिपायाचा क्रॉस आणि अधिकाऱ्याची ऑर्डर यांची सर्रास गल्लत होते, कधी अज्ञानाने, कधी जाणूनबुजून.

ख्रिस्ती संताचे चित्र असलेला क्रॉस मुसलमान सरदाराच्या गळ्यात कसा घालायचा, हा पेच रशियासारख्या साम्राज्याला पडणारच होता. इराण, तुर्कस्तान आणि बुखाऱ्याच्या दरबारांशी सतत संबंध होते, शिवाय कॉकेशसमधले घोडेस्वार झारच्या सैन्यात होते. १८४४ मध्ये निकोलस पहिल्याने फर्मान काढले: ख्रिस्ती नसलेल्यांच्या पदकांवर संताऐवजी दुतोंडी गरुड. तोडगा कागदावर शहाणपणाचा दिसत होता. पण कॉकेशसमधल्या वीरांनाच तो रुचला नाही, अशी कथा रशियन सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. आम्हाला घोड्यावरचा बहाद्दर द्या, हे पाखरू कशाला, असे ते म्हणत. संत जॉर्ज त्यांना संत म्हणून नको होता. घोडेस्वार म्हणून हवा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पदकांची आणखी एक मोठी लाट आली ती १८७७-७८ च्या रुसो-तुर्की युद्धात. प्लेव्हनाच्या वेढ्यात रशियन फौजा अडकल्या तेव्हा रुमानियाचा राजपुत्र कारोल मदतीला धावला आणि वेढ्याच्या सैन्याचे नेतृत्वही त्याच्याकडे आले. प्लेव्हना पडल्यावर त्याला सेंट जॉर्जची दुसरी श्रेणी मिळाली. पुढच्या वर्षी तहात रशियाने त्याच रुमानियाकडून दक्षिण बेसराबिया काढून घेतला. याच युद्धात अमेरिकेचा तरुण लेफ्टनंट फ्रान्सिस व्हिन्टन ग्रीन निरीक्षक म्हणून रशियन छावणीत होता. तो नुसता दुर्बीण लावून बसला नाही, प्रत्यक्ष माऱ्यात फिरला, आणि झारने त्याचा सन्मान केला. पण अमेरिकन राज्यघटनेप्रमाणे परक्या राजाकडून काहीही स्वीकारायला काँग्रेसची संमती लागते. ब्रिटिश अधिकाऱ्यालाही आपल्या राजाची परवानगी घ्यावी लागे. परक्याचे पदक छातीवर येण्यापूर्वी त्याला नेहमी दोन दरबारांची दारे ओलांडावी लागत.

पहिल्या महायुद्धात हे सगळे घाऊक झाले. फ्रान्सचा सेनापती फोश याला सेंट जॉर्जची दुसरी श्रेणी गेली. बेल्जियमचा राजा आल्बर्ट मानकरी झाला. १९१६ मध्ये तर निकोलस दुसऱ्याने व्हर्दां या अख्ख्या फ्रेंच शहरालाच सेंट जॉर्जचा क्रॉस दिला. १९१५ च्या ऑगस्टमध्ये लंडन गॅझेटमध्ये ब्रिटिश सैन्यातल्या रशियन पदकांच्या मानकऱ्यांची लांबलचक यादी छापून आली. या काळात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या शिपायांच्या छातीवरही काळ्या-नारिंगी फितीचा क्रॉस दिसू लागला. पंजाबातल्या किंवा कुमाऊंतल्या ज्या घरी तो पोचला, तिथे रशिया नावाचा देश कुठल्या दिशेला आहे हे सांगणाराही क्वचितच असेल.

या घाऊक वाटपातही काही क्रॉस खरोखर कमावलेले होते, आणि त्यांत बाल्टिक समुद्रातल्या ब्रिटिश पाणबुड्यांच्या कप्तानांचे स्थान फार वरचे आहे. १९१४ च्या ऑक्टोबरात ई-१ आणि ई-९ या दोन छोट्या पाणबुड्या जर्मन पहाऱ्यातून निसटून बाल्टिकमध्ये शिरल्या. ई-१ च्या नोएल लॉरेन्सने ऑगस्ट १९१५ मध्ये मोल्टके या जर्मन बॅटलक्रूझरवर टॉर्पेडो मारला, तेव्हा रीगाच्या आखातावर जर्मनांची मोहीम सुरू होती. त्याला सेंट जॉर्जची चौथी श्रेणी मिळाली. ई-९ च्या मॅक्स हॉर्टनलाही. ई-१९ चा कप्तान फ्रान्सिस क्रोमी जरा उशिरा आला, पण ११ ऑक्टोबर १९१५ या एका दिवसात त्याने लोहखनिज वाहणारी चार जर्मन मालवाहू जहाजे बुडवली आणि पुढच्या महिन्यात उंडिने ही क्रूझरही. सेंट जॉर्ज, सेंट व्लादिमिर, सेंट ॲन असे तिन्ही सन्मान त्याच्याकडे जमले.

मग ज्या राज्याने ते दिले होते तेच नाहीसे झाले. १९१७ च्या डिसेंबरात बोल्शेव्हिकांनी सैन्यातले हुद्दे, ऑर्डर, पदके एका हुकुमाने मोडीत काढली. एप्रिल १९१८ मध्ये जर्मन फौजा फिनलंडमध्ये उतरल्या तेव्हा पाणबुड्या त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून क्रोमीने त्या हेलसिंकीजवळ स्वतःच बुडवून टाकल्या. तो पेट्रोग्राडच्या, म्हणजे पूर्वीच्या पीटर्सबर्गच्या, ब्रिटिश वकिलातीत नौदलाचा प्रतिनिधी म्हणून राहिला आणि ३१ ऑगस्ट १९१८ रोजी चेका या बोल्शेव्हिक गुप्त पोलिसांच्या माणसांनी वकिलातीवर धाड घातली तेव्हा झालेल्या गोळीबारात मारला गेला. रशियासाठी लढून रशियाचे सर्वांत मानाचे रणपदक मिळवलेला माणूस रशियनांच्याच गोळीने गेला. हॉर्टनचे नशीब वेगळे. दुसऱ्या महायुद्धात तो अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांविरुद्धच्या ब्रिटिश आघाडीचा प्रमुख झाला, म्हणजे ज्या कलेसाठी झारने त्याला गौरवले, तीच कला शत्रूच्या हातून हाणून पाडण्याचे काम त्याच्या वाट्याला आले.

झारशाही गेली तरी तिची पदके परक्यांच्या कपाटांत सुरक्षित राहिली, कारण तिथे बोल्शेव्हिक हुकूम चालत नव्हता. या कारणामुळेच आज बाजारात दिसणाऱ्या चांगल्या वस्तूंचा मोठा भाग परकीय घराण्यांतून आलेला असतो. व्हिएन्नातला रोटे आणि बर्लिनमधला गोडे यांसारखे जवाहिरे मानकऱ्यांसाठी प्रती घडवून देत, तेव्हा पीटर्सबर्गचा छाप नसला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, आणि छाप आहे म्हणून खरीही ठरत नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्या रशियाने जुनी नावे पुन्हा उचलली. सेंट अँड्र्यू १९९८ मध्ये परत आला, सेंट जॉर्जची नवी नियमावली २००० मध्ये. भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना सेंट अँड्र्यू जाहीर झाला तो एप्रिल २०१९ मध्ये. प्रत्यक्ष मॉस्कोत त्यांना तो दिला गेला ९ जुलै २०२४ रोजी, युक्रेन युद्धामुळे पाश्चात्त्य देशांनी रशियाला वाळीत टाकले होते त्या काळात. पीटर द ग्रेटच्या या निळ्या पट्ट्याचे काम सव्वातीनशे वर्षांनंतरही बदललेले नाही.

या विषयात शिरू पाहणाऱ्या वाचकाला एक विनंती. एखाद्या संग्रहालयात किंवा जुन्या छायाचित्रात परक्या गणवेशावर रशियन क्रॉस दिसला, की नावाआधी तारीख शोधावी. रशियन कागदांतली तारीख जुन्या पंचांगाची असते, एकोणिसाव्या शतकात आपल्यापेक्षा १२ दिवस मागे आणि विसाव्यात १३; ती सुधारून घ्यावी. मग श्रेणी पाहावी, तलवारी आहेत का पाहावे, आणि त्या महिन्यात पीटर्सबर्गला कोणाची गरज होती हे युद्धाच्या इतिहासात ताडून पाहावे. एवढे केले की प्रशस्तिपत्रातली भारदस्त वाक्ये फारशी वाचावी लागत नाहीत.